चांगदेवाचे कोरे पत्र आणि केळीचे पाणी

मुक्ताईनगर तालुक्यात, पूर्णा जिथे तापीला मिळते तिथे, चांगदेव नावाचे गाव आहे. चांगदेवाने ज्ञानदेवांना पाठवलेल्या कोऱ्या पत्राची कथा मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. समोरचा वयाने लहान आणि ज्ञानाने थोर. मग त्याला नमस्कार लिहावा की आशीर्वाद, हे त्या वृद्ध योग्याला ठरवता आले नाही आणि कागद कोराच गेला. मुक्ताईने त्यावरून त्याची थट्टा केली आणि ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर धाडले. परंपरा सांगते, की पुढे हीच मुक्ताई याच परिसरात, मेहूणच्या तापीतीरी, अंतर्धान पावली. एदलाबाद हे जुने नाव जाऊन तालुक्याला तिचे नाव मिळाले ते या श्रद्धेतून.

ही कथा इथे सांगण्याचे कारण वेगळे आहे. मराठी साहित्यव्यवहाराने शेतकऱ्याला आजवर जे पत्र पाठवले तेही कोरेच आहे, असा आमचा आरोप आहे. फरक इतकाच, की चांगदेवाला मायना सुचला नाही म्हणून पत्र कोरे राहिले. आम्हाला मायने भरपूर सुचतात, मजकूर सुचत नाही. ‘बळीराजा’, ‘काळ्या आईचा लेक’, ‘जगाचा पोशिंदा’ हे सारे मायने आहेत. त्यांच्याखाली पाणी, माती, बियाणे आणि भाव यांविषयी एक ओळ लिहायची वेळ आली, की मराठीचा प्राध्यापक कृषी विद्यापीठाकडे बोट दाखवतो. ‘आम्ही’ हे सर्वनाम इथे मुद्दाम योजले आहे, कारण मराठी शिकवणारे आणि शिकणारे सगळेच या आरोपीच्या पिंजऱ्यात उभे आहेत.

आधी वस्तुस्थिती पाहू. रावेर, यावल आणि मुक्ताईनगर हा तापीखोऱ्यातला केळीचा पट्टा. उत्तरेला सातपुडा. त्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि भरड वाळूचा जो पट्टा आहे त्याला भूवैज्ञानिक बजाडा म्हणतात. डोंगरावरून आलेले पावसाचे पाणी तिथे झपाट्याने मुरते आणि खालच्या गाळाच्या थरांत साठते. केळीची समृद्धी उभी राहिली ती या साठ्यावर. केळी हे वर्षाहून अधिक काळ शेतात उभे राहणारे आणि त्या सर्व काळात पाणी मागणारे पीक आहे. मुरणारे पाणी पावसाळ्यापुरते, उपसा मात्र बारमाही. परिणामी शासकीय भूजल मूल्यांकनांत रावेर आणि यावल हे तालुके वारंवार ‘अतिशोषित’ म्हणून नोंदले गेले आहेत. विहीर आटली की आडवे बोअर, ते आटले की कूपनलिका, ती आटली की आणखी खोल कूपनलिका, असा हा उलटा जिना आहे. मुक्ताईनगर तालुक्याची गोष्ट तर अधिक विसंगत. संगमाच्या खालच्या अंगाला हतनूरचे धरण, त्यामुळे चांगदेवाच्या देवळापुढे पाणी पसरलेले. आणि त्याच तालुक्यात कुऱ्हा-वढोदा परिसरासाठी उपसा सिंचन योजना आखावी लागली. नदीकाठी ज्याची जमीन आहे, किंवा नदीपासून पाइपलाइन टाकण्याइतका ज्याच्याजवळ पैसा आहे, त्याची केळी हिरवी असते. उरलेला शेतकरी कापूस लावून आभाळाकडे पाहतो.

या प्रश्नाला जे उत्तर सर्वत्र दिले जाते ते म्हणजे ठिबक सिंचन. ते उत्तर खोटे नाही. ठिबकच्या प्रसाराचे देशातले एक मोठे केंद्र जळगावच आहे, आणि पाटाने पाणी सोडण्यापेक्षा ठिबकने एका झाडामागे बरेच पाणी वाचते याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न पुढे सुरू होतो. वाचलेले पाणी जाते कुठे? ते विहिरीत राहत नाही. ज्या शेतकऱ्याचे पाणी दोन एकर केळीला पुरत होते, तो ठिबक आल्यावर तीन एकर लावतो. त्यात त्याचा दोष नाही. कर्ज त्याला फेडायचे असते, आणि आपण पाणी खाली ठेवले तर शेजारी ते उपसणार हे त्याला माहीत असते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये दगडी कोळशाविषयी हेच लिहिले होते. यंत्र जितके काटकसरी होते तितकी कोळशाची एकूण मागणी वाढते, कारण काटकसरीमुळे यंत्राचा वापरच वाढतो. म्हणजे ठिबकने झाड काटकसरी होते, गाव होत नाही. गाव काटकसरी व्हायचे तर एकूण किती पाणी उपसायचे याची मर्यादा कुणीतरी ठरवावी लागते, आणि मर्यादा ही नळीतून टपकणारी वस्तू नव्हे. ती माणसांनी एकत्र बसून मान्य करायची गोष्ट आहे. तिथे भाषा लागते.

आणि नेमकी इथेच आमची भाषा कामाला येत नाही. उलट आड येते. ‘शाश्वत शेती’ हाच शब्द घ्या. संतसाहित्याच्या संस्कारामुळे ‘शाश्वत’ म्हणजे जे आपोआप अविनाशी आहे ते, असा अर्थ आमच्या कानात बसलेला आहे. शेतीत असे काहीच नसते. बांध फुटतो, माती वाहून जाते, विहिरीत गाळ साचतो. तिथे ‘टिकणे’ नाही, ‘टिकवणे’ आहे. आणि टिकवणे या क्रियापदाला कर्ता लागतो. शासकीय परिपत्रकांनी ‘शाश्वत’ हा शब्द उचलला आणि कर्ता गाळला. आम्ही त्यावर निबंधस्पर्धा घेतल्या.

‘बळीराजा’ या शब्दाचेही तेच. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) बळीला उभे केले ते लुबाडल्या गेलेल्या समाजाचा न्यायी राजा म्हणून. ती एक राजकीय मांडणी होती. आज तो शब्द सरकारी योजनेच्या नावात आहे. २०२४ पासून महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना जी मोफत वीज दिली जाते, त्या योजनेचे नाव ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना’ असे आहे. वीजबिलांच्या थकबाकीने गांजलेल्या शेतकऱ्याला दिलासा मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. पण पंप फुकट चालू शकतो आणि उपशाला हिशेब नाही, अशा अवस्थेत अतिशोषित तालुक्यातल्या विहिरीचे काय होईल, हा प्रश्न त्या शब्दाच्या वैभवात बुडून जातो. ज्याला राजा म्हटले त्याला मर्यादा कोण सांगणार? स्तुती ही मर्यादा टाळण्याची सोपी युक्ती असते, हे साहित्याच्या अभ्यासकाने तरी ओळखायला हवे होते.

मर्यादा नाही याचे मूळ कायद्यातही आहे. आपल्या जमिनीखालचे पाणी हव्या तितक्या प्रमाणात उपसण्याचा जमीनमालकाचा हक्क ब्रिटिश अमदानीतल्या १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने मानला. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. नदी वाहते ती सर्वांच्या डोळ्यांपुढे, म्हणून तिच्यावर भांडण तरी होते. जमिनीखालचे पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालून वाहत येते आणि कायद्याने ते ज्याचा पंप मोठा त्याचे होते. महाराष्ट्राने २००९ मध्ये भूजलाचा स्वतंत्र कायदा केला, अधिसूचित क्षेत्रांत ६० मीटर आणि त्याहून खोल विहिरींवर बंधन घातले. पण रावेर-यावलच्या शिवारात बोअरची गाडी रात्री कुणाच्या शेतात उभी आहे हे गावातल्या लहान मुलालाही माहीत असते, आणि कायदा गावात आलेला कुणी पाहिलेला नसतो.

आता याच्या शेजारी मराठीतला एक ग्रंथ ठेवू. ‘शेतकऱ्याचा आसूड’ हे जोतीरावांचे पुस्तक १८८३ चे, म्हणजे त्या कायद्याच्या पुढच्याच वर्षाचे. ते शोषणाविषयी आहे हे आम्ही शिकवतो. पण त्यात शेतीच्या दुरुस्तीचे उपायही आहेत. डोंगरउतारावरचे पाणी शेतांतून मुरत मुरत ओढ्याला मिळावे, माती वाहून जाऊ नये, म्हणून सरकारने आपल्या पलटणी आणि पोलीस कामाला लावून ताली-बंधारे बांधावेत, अशी सूचना जोतीराव करतात. भूजल पुनर्भरणाचा हा विचार मराठी गद्यात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी आला. २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पाचा करार केला तेव्हा तापीकाठच्या किती मराठी विभागांत ‘आसूड’ची ती पाने काढून वाचली गेली? आम्ही वाचली नाहीत, एवढे आम्ही सांगू शकतो. परीक्षेला प्रश्न असतो तो जोतीरावांच्या भाषाशैलीवर.

बहिणाबाईंचे काय झाले तेही पाहावे. १८८० मध्ये आसोद्याला जन्मलेली, १९५१ मध्ये निवर्तलेली ही निरक्षर शेतकरी बाई. १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिची गाणी छापून आली आणि मराठीला एक मोठी कवयित्री लाभली. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव मिळाले. गौरवात काहीच कमी नाही. मात्र आमच्या वर्गांत तिच्या गाण्यांत शोधले जाते ते उपमा, रूपक, ‘निसर्गप्रेम’ आणि लेवा गणबोलीचा गोडवा. तिच्या गाण्यांत पेरणी आहे, मळणी-उफणणी आहे, मोट आहे. म्हणजेच कामाचा क्रम आहे, वाऱ्याचे भान आहे, जनावराच्या आणि माणसाच्या ताकदीचे माप आहे. मोटेकडे क्षणभर प्रतिमा म्हणून न पाहता यंत्र म्हणून पाहावे. बैल थकले की मोट थांबते. रात्री विहिरीला पाझर फुटतो. सकाळी तेवढेच पाणी असते. मोट हे पाणी काढण्याचे साधन होते तसेच पाणी राखण्याचेही होते. पंप थकत नाही. हा फरक कळल्यावाचून मोटेवरची कविता कळली असे म्हणता येईल का? आम्हाला मोट परत आणायची नाही. तिच्यात बैलांचे आणि माणसांचे हाल होते, आणि ते कष्ट ज्यांनी उपसले नाहीत त्यांनीच तिच्यावर उसासे टाकावेत हे बरे नव्हे. मुद्दा असा, की मोटेबरोबर गेलेली मर्यादा पंपाबरोबर नव्याने निर्माण करावी लागणार होती, आणि ती कुणी केली नाही.

साहित्यात हे लिहिलेच गेले नाही असेही नाही. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) ट्रॅक्टर आल्यावर जनावरांचा आणि नारबाचा संसार कसा मोडतो ते आहे. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ मुक्ताईनगरला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतीची कादंबरी आहे. ना. धों. महानोरांनी ‘रानातल्या कविता’ लिहिल्या, आणि विधान परिषदेत पाण्यावर आणि शेतीवर अभ्यासपूर्वक बोलणारे महानोरही तेच होते. पण आम्ही ‘गोतावळा’ नातेसंबंधांची शोकांतिका म्हणून शिकवतो, ‘बारोमास’ ग्रामीण वास्तवाचे चित्रण म्हणून, आणि महानोरांचे रान तेवढे ठेवून पाणी वगळतो. लेखकांनी मजकूर लिहिला. आम्ही तो मायन्यात जमा केला.

एक उत्तर देशीवाद्यांकडून येते. परकीय तंत्र टाकून द्या, आपल्या परंपरेकडे वळा, म्हणजे माती आणि माणूस दोन्ही वाचतील, असे ते म्हणतात. या उत्तराचे आकर्षण आम्हालाही आहे, म्हणूनच ते तपासले पाहिजे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण बागांत आज मुख्यतः उभी असते ती ग्रँड नैन, म्हणजे जगभर पसरलेल्या कॅव्हेंडिश गटातली उतिसंवर्धित जात. एका बागेतले प्रत्येक झाड दुसऱ्याची हुबेहूब प्रत असते. उत्पादन एकसारखे येते, तसाच रोगही एकसारखा येतो. विसाव्या शतकाच्या मध्यात पनामा रोगाने ग्रोस मिशेल ही तेव्हाची व्यापारी केळी लॅटिन अमेरिकेतल्या बागांतून हद्दपार केली, तेव्हा तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आता त्याच रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशला मारतो, आणि तो बिहार-उत्तर प्रदेशापर्यंत येऊन ठेपलेला आहे. खानदेशाने कुकुंबर मोझॅक विषाणूचा तडाखा सोसलेलाच आहे; मावा किडीने पसरणाऱ्या या रोगापायी शेतकऱ्यांनी नवी लागवड हाताने उपटून बांधावर टाकली. तेव्हा ‘देशी’ म्हणजे काय? जुनी बसराई? तीही एकाच पिकाची शेती होती. देशीपण जातीत शोधले तर हाती अभिमान तेवढा लागतो. ते व्यवस्थेत शोधावे लागते.

अशी व्यवस्था खानदेशात होती. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या आणि नाशिककडे मोसमच्या काठी शतकानुशतके चालत आलेली फड पद्धती. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालचे सारे क्षेत्र म्हणजे थळ, आणि थळाचे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. कोणत्या फडात काय घ्यायचे हे शेतकरी मिळून ठरवत. पाणी कमी पडले तर एखादा फड पडीक ठेवायचा. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असल्याने तोटा एकट्यावर येत नसे. पाणी देणारा पाटकरी वेगळा, पिकाची राखण करणारा जागल्या वेगळा. म्हणजे पिकाची फेरपालट, पाण्याची मर्यादा आणि तोट्याची वाटणी, ही आज ‘शाश्वत शेती’च्या व्याख्यानांत येणारी तिन्ही तत्त्वे या मातीत रोजच्या व्यवहाराची होती. वरच्या अंगाला धरणे झाली, घरोघरी विहिरी आणि पंप आले, आणि फड मोडत गेले.

पण फडाचेही स्तोत्र गाऊ नये. ज्याच्याजवळ जमीन नव्हती त्याला फडात पाणीही नव्हते. राबणारे हात मात्र त्याचे होते. ही उणीव भरून काढली ती विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने. पुरंदर तालुक्यात १९७० च्या दशकात सुरू झालेल्या या प्रयोगात पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे तर घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटले गेले, भूमिहीनालाही त्यात वाटा मिळाला, आणि उसाला मनाई झाली. पुढे नगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी कूपनलिका बंद केल्या, ऊस आणि केळी वर्ज्य केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली.

इथे मुक्ताईनगरचा शेतकरी आम्हाला थांबवेल आणि विचारील, केळी बंद करून मी खाऊ काय? त्याचे बरोबर आहे. हिवरे बाजारचा नियम जसाच्या तसा इथे चालणार नाही. पण एकूण पाण्यात गावाने किती एकर केळी पेलायची हे गावाने ठरवणे, केळीनंतर त्या जमिनीत हरभरा किंवा अन्य कडधान्य घेऊन तिला विसावा देणे, कापणीनंतरची खोडे बांधावर सडत न टाकता त्यांचे खत करणे, बजाड्यातल्या नाल्यांतला गाळ काढून आणि पडक्या विहिरींत पावसाचे पाणी सोडून साठा भरणे, या गोष्टी अशक्य नाहीत. त्यांना अट एकच, आणि ती शेतकऱ्याने पाळायची नाही, बाकीच्या समाजाने पाळायची आहे. हरभऱ्याला भाव नसेल तर मर्यादेचा उपदेश म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून केलेले पर्यावरणरक्षण होय. केळीचा दर बऱ्हाणपूरच्या आणि रावेरच्या बाजारात सकाळी ठरतो आणि संध्याकाळी शेतकऱ्याला कळतो. ज्याला आपल्या मालाचा भाव ठरवता येत नाही त्याने आपल्या पाण्याचा संयम तेवढा ठरवावा, ही मागणी अन्यायाची आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८० च्या दशकात भावाचा प्रश्न मांडला, पर्यावरणवाद्यांनी पाण्याचा. दोघे एकमेकांशी बोलले असते तर खानदेशाचे चित्र निराळे झाले असते.

‘हे सारे ठीक, पण यात साहित्याच्या विद्यार्थ्याने काय करायचे? साहित्य साहित्य म्हणूनच वाचले पाहिजे,’ असा आक्षेप येईल. आमचे म्हणणे इतकेच, की ते खरोखर वाचावे. मोट, पाट, थळ, फड, पाळी हे शब्द ज्याला केवळ ‘बोलीतील शब्दसंपत्ती’ वाटतात त्याने कविता अर्धीच वाचलेली असते. ‘आसूड’मधील ताली-बंधाऱ्यांची पाने बहिणाबाईंच्या गाण्यांशेजारी ठेवून शिकवावीत. प्रकल्पासाठी ‘ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण’ हा विषय शंभराव्यांदा देण्याऐवजी विद्यार्थ्याला त्याच्याच गावात धाडावे. आजोबांच्या काळी विहिरीला किती हातांवर पाणी होते, आज किती फुटांवर आहे, पाळी कोण ठरवत होते, भांडण कसे मिटत होते, हे तिथल्या माणसांच्या शब्दांत उतरवून आणायला सांगावे. भूजलाचे अहवाल ‘अतिशोषित’ आणि ‘पुनर्भरण’ अशा मराठीत येतात, जी ग्रामसभेत कुणी बोलत नाही. ते गावाला कळेल अशा मराठीत आणणे हे भाषेच्या विद्यार्थ्याचे काम नाही तर कुणाचे? गावाचा पाण्याचा ताळेबंद हाही एक मराठी मजकूर आहे, आणि आज त्याच्यावर कवितेइतकेच काही अवलंबून आहे.

आमच्या वर्गात बसणारी मुले केळीच्या बागांतून येतात. वडिलांनी या वर्षी कितवा बोअर घेतला हे त्यांना ठाऊक असते, आणि समोर आम्ही बळीराजावरची कविता समजावून देत असतो. ती मुले वहीत अलंकार उतरवून घेतात आणि काही बोलत नाहीत. त्या गप्प बसण्याला आम्ही इतकी वर्षे रसग्रहण समजत आलो.

चांगदेवाच्या कोऱ्या पत्राला निदान उत्तर मिळाले, कारण त्या काळी कोऱ्या कागदाला कोरा म्हणण्याची हिंमत एका लहान मुलीत होती. तिच्याच नावाच्या गावी आमचा कागद अजून पडून आहे. मायने पुष्कळ झाले. आता मजकूर लिहावा.